तुमचे प्रश्न: ‘हो तोच रे!’ म्हणाले आणि सुरू झाले

या महिन्यात पत्रं भरपूर आलीत, मुंडकारांची (भाटकाराच्या जमिनीत घर असणाऱ्यांची), म्युटेशनची, वाटेवरच्या आंब्याची, ती सगळी पुढच्या अंकात घेते, रागावू नका. पण डिचोलीकडून एक पत्र आलं आणि ते वाचता वाचता माझा चहा गार झाला. त्यात त्याच आठवड्यात आणखी चार-पाच पत्रं त्याच विषयाच्या आसपासची निघाली, म्हटलं होऊन जाऊ दे, या वेळचं सगळं पान एकाच गोष्टीला: चेहरा. आपल्यावर दुसऱ्याच कुणाचा चेहरा चिकटला तर काय करायचं. पत्रातली नावं काढलीत, विचारू नका.

प्रश्न: नमस्कार ताई. माझा धाकटा भाऊ मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप रिपेर करतो, स्कूटरवरून गावोगाव फिरतो, वय ३४. महिन्याभरापूर्वी आमच्या इथल्या ग्रुपांवर एक फोटो फिरायला लागला, ‘पोरं पळवणारी टोळी शिरलीय, अमक्या तारखेला एका शाळेजवळ पोर उचलत होता, दिसला तर सोडू नका’. फोटोतला माणूस कोण कुठला देव जाणे, पण तशीच जाड मिशी, तसंच पुढे आलेलं कपाळ आणि निळी कॅप. भाऊपण निळी कॅप घालतो. आम्ही घरात हसलो होतो त्यावर, मीच त्याला म्हटलं अरे तू फेमस झालास. मग गेल्या गुरुवारी तो एका वाड्यावर (वस्तीवर) पत्ता विचारायला थांबला आणि नेमकी शाळा सुटायची वेळ. एक बाई म्हणाली ‘हो तोच रे!’ बस्स. आधी चारजण, मग पंचवीस-तीस. स्कूटरची चावी काढून व्हाळात, म्हणजे ओढ्यात फेकली, त्याचंच हेल्मेट त्याच्या डोक्यात घातलं. आधार कार्ड दाखवलं तर म्हणाले हे खोटं. तिथला पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, त्याला ओळखत होता, भावाने त्याचं पीठ मळायचं मशीन दुरुस्त केलेलं, तो मधे पडला, ओढत घरात नेलं, दार लावलं आणि पोलिसांना फोन केला. सात टाके पडले. आता तो घराबाहेर पडत नाही, फोटो अजून फिरतोच आहे. मामा म्हणतो मिशी काढ आणि विसर. एक पंच म्हणतो आपलीच माणसं, मिटवून टाका. आणि ज्या दुकानातून तो पार्ट घेतो तो दुकानदार म्हणतो तुला पाहिजे त्या तारखेचं बिल फाडून देतो, म्हणजे त्या दिवशी तू इथे होतास हे सिद्ध होईल. काय करू? आणि त्याने परत फिरतीवर जायचं तरी कसं?

उत्तर: बाय, आधी त्या पोदेराला माझा नमस्कार सांग. तुझ्या भावाला कायद्याने वाचवलं नाही, आधार कार्डानेही नाही, एका ओळखीच्या माणसाने वाचवलं, आणि हे मी पंचवीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून सांगतेय.

मी घाबरवत नाही पण तुला हे माहीत असायला हवं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातली पाच माणसं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, गावोगाव भिक्षा मागत फिरणं हाच त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा आधीपासून फिरत होत्याच. कुणाला तरी संशय आला आणि त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून तिथेच मारून टाकलं. त्यांचा चेहरा कुणासारखा नव्हताच बघ, ते नुसते वर्णनासारखे होते: परके आणि फिरते. तिथेही खोलीच होती आणि दारच होतं, पण दाराच्या आत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. तुझ्या भावाला पोदेर होता.

आता काय करायचं ते. तक्रार करा, आणि या आठवड्यातच करा. अडवून ठेवणं, मारहाण, वस्तूंचं नुकसान हे सगळं त्यात येतं, पाच किंवा जास्त माणसांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान किंवा तसल्याच कारणावरून जबर दुखापत केली तर नव्या भारतीय न्याय संहितेत त्याला वेगळं कलम आहे, आणि असाच जमाव तसल्याच कारणावरून माणूस मारतो तेव्हा थेट जन्मठेप किंवा फाशीचं कलम १०३ (२) आहे. हा कायदा लागू झाला तोही १ जुलैलाच, २०२४ चा, राईनपाड्याला बरोब्बर सहा वर्षं झाली त्या दिवशी, योगायोग म्हणायचा. मारहाण ज्या पोलिस स्टेशनच्या हद्दीत झाली तिथेच जायला हवं असं नाही, जवळच्या कुठल्याही पोलिस स्टेशनला झिरो एफआयआर घ्यावी लागते. घेतली नाही तर एसपींना (पोलिस अधीक्षकांना) पोस्टाने लिहा, रजिस्टर्ड, पावती जपून ठेवा. आणखी एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते: राईनपाड्यानंतर पंधराएक दिवसांत, १७ जुलै २०१८ ला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जमावाचा हिंसाचार रोखायला प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा एक नोडल अधिकारी, म्हणजे याच कामाला नेमलेला माणूस, असावा. त्याच्या नावाने वेगळा अर्ज द्या आणि त्यात फोटो अजून फिरतोय हे ठळक लिहा, कारण मारहाण होऊन गेली, फोटो मात्र अजून चालू आहे, धोका तिथे आहे.

फोटो आलेला मेसेज डिलीट करू नका, नुसता स्क्रीनशॉट काढून भागत नाही, ज्या फोनवर आला त्या फोनवर तो तसाच राहू दे. रक्ताचा शर्ट धुतला नसेल तर कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कुजतो. धुतला असेल तर जाऊ दे, आयांचा हात रक्ताचा कपडा दिसला की थांबत नाही. टाक्यांचे कागद डॉक्टरकडून घ्या आणि त्यावर ‘पडल्याने’ असं कुणी लिहिलं नाही ना ते बघा, मी असे कागद पाहिलेत.

मिशी. मामाचं चूक नाही पण घाई करतोय. आत्ता काढली तर उद्या कुणी म्हणेल बघा, लपतोय. आधी भावाचे समोरून, दोन्ही बाजूंनी, कॅपसकट आणि कॅपशिवाय फोटो काढा, तक्रारीला जोडा, पोलिसांना सांगा की ग्रुपवरच्या फोटोशी लावून बघा, कान बघा, मिशीखालचा ओठ बघा. तेवढं झालं की मग मिशी ठेव नाहीतर काढ, त्याची त्याला. निळी कॅप मात्र फोटो झाले की लगेच चुलीत घाल.

मिटवायचं का? हा भावाचा प्रश्न, पंचाचा नाही. मी उगाच भांडा असं म्हणणाऱ्यातली नाही, त्या वाड्यावर त्याला उद्या पंप दुरुस्त करायला जायचंच आहे. पण मिटवायचं तर आधी लेखी, आणि ज्या ज्या ग्रुपवर तो फोटो टाकला त्याच ग्रुपवर त्याच माणसांनी स्वतःच्या नावाने टाकायला हवं की हा माणूस तो नाही, आमची चूक झाली. कानात ‘सॉरी रे’ म्हणून भागणार नाही. खोटं कानोकान नाही गेलं ना, ग्रुपवर गेलं.

आणि बिल. बाय, हात जोडते, त्या दुकानदाराला सांग नको. एक जुनी गोष्ट सांगते. १७९६ सालची, फ्रान्समधली. पॅरिसहून लिऑनला जाणारी टपालाची गाडी रात्री लुटली, टपाल नेणारा आणि घोडे हाकणारा दोघांनाही कापून काढलं. लेझुर्क नावाचा एक खाऊनपिऊन सुखी माणूस, त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही, एका मित्राचे जप्त झालेले कागद सोडवायचे म्हणून मित्राबरोबर न्यायाधीशाच्या कचेरीत गेला. तिथे साक्षीसाठी दोन बायका बसल्या होत्या, खाणावळीत कामाला असणाऱ्या, त्या म्हणाल्या हाच तो. झालं, त्याला तिथेच धरलं. आता त्याच्या बाजूने एक जवाहिऱ्या साक्षीला आला, म्हणाला हा त्या दिवशी माझ्या दुकानात होता, माझ्या वहीत नोंद आहे. वही उघडली तर तारखेच्या आकड्यावर खाडाखोड, ९ चा ८ केलेला. त्या एका आकड्याने त्याची बाकीची सगळी साक्ष पाण्यात गेली, सगळ्यांना वाटलं पुरावा रचलाय म्हणजे माणूस दोषीच. खरा गुन्हेगार एकजण वधस्तंभाकडे नेताना ओरडत होता की लेझुर्क निर्दोष आहे, कुणी ऐकलं नाही, ३० ऑक्टोबर १७९६ ला त्याचं डोकं गिलोटिनखाली गेलं. पुढे दुबॉस्क नावाचा दुसरा माणूस सापडला, पिंगट केसांचा टोप घातला की लेझुर्कसारखा दिसायचा, त्यालाही मारलं. फ्रान्समध्ये त्यावर अजून वाद घालतात. मी त्या वादात पडत नाही, मला त्यातला तो खोडलेला आकडा पुरतो. तुझा भाऊ खरा आहे, त्याच्याजवळ खऱ्या गोष्टी असणारच, त्या दिवशीचे यूपीआयचे पैसे, पेट्रोल पंपाची पावती, गिऱ्हाइकांचे कॉल. त्या काढा, त्या दोनच निघाल्या तरी चालतील. खोटं एक बिल घातलं की त्या दोन खऱ्या पण खोट्या होतात.

फिरायचं कसं ते पण विचारलंस. काही दिवस नव्या वाड्यावर जाताना गिऱ्हाइकालाच रस्त्यावर उभं राहायला सांगायचं, पत्ता शाळेजवळ विचारायचा नाही, दुकानात नाहीतर देवळाशी विचारायचा. कुणी बघतंय, फोन काढून जुळवतंय असं दिसलं की घोळका जमायच्या आत दुकानात शिरायचं, दुकानदाराशी बोलायला लागायचं, ११२ लावायचा. घोळका जमलाच तर धक्काबुक्की नाही, पळणंही नाही, मोठ्याने आपलं नाव, गाव आणि त्या वाड्यावरच्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यायचं, ‘त्याला बोलवा’ म्हणायचं. कार्ड खोटं म्हणतात, त्यांच्याच शेजाऱ्याला खोटं म्हणणं जरा जड जातं.

प्रश्न: ताई, मी मडगावला कॉलेजात आहे. डबल रोल सिनेमात बघतो, आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात पण जुळ्या भावांचा घोळ असतो आणि लोक पोट धरून हसतात. पण खरोखर, ट्रेनिंग घेतलेली माणसंसुद्धा चुकीच्या माणसाला मारतात का? की हे फक्त अडाणी जमावाचं काम?

उत्तर: अडाणी म्हणू नकोस रे, मघाच्या पत्रातल्या जमावात दोन पदवीधर नक्की असतील. आणि ट्रेनिंगवाल्यांचं ऐक.

१९७२ ला म्युनिच ऑलिम्पिकमध्ये इस्रायलचे अकरा लोक मारले गेले. त्यामागे पॅलेस्टिनी म्होरक्या अली हसन सलामे आहे असं धरून इस्रायलची गुप्तचर संघटना मोसाद त्याच्या मागावर होती. नॉर्वेत लिलेहामर म्हणून एक शांत गाव आहे, तिथे सलामे आहे असं त्यांना वाटलं. तिथे खरं म्हणजे होता अहमद बुशिकी, मोरोक्कोचा, हॉटेलात वेटर, बायको नॉर्वेची आणि तिला दिवस गेलेले. २१ जुलै १९७३ च्या रात्री दोघं सिनेमा बघून बसने परत आले, उतरून घराकडे चालायला लागले आणि तिच्या डोळ्यादेखत त्याला गोळ्या घातल्या. आता तूच सांग, जगभर ज्याच्यामागे माणसं लागलीत तो म्होरक्या गरोदर बायकोला घेऊन बसने सिनेमाला जाईल? डोळ्यांसमोर वेटरचं अख्खं आयुष्य चाललं होतं आणि त्यातलं काहीच त्यांना दिसलं नाही, कारण ते बघायला आलेच नव्हते, ते जुळवायला आले होते. सहाजण पकडले गेले, पाच जणांना शिक्षा झाली, थोडी थोडी वर्षं. खरा सलामे १९७९ ला बैरूतमध्ये मारला गेला. आणि बुशिकीच्या घरच्यांना इस्रायलने नुकसानभरपाई दिली १९९६ ला, तीही जबाबदारी न स्वीकारता. तुझ्या ओळखीची एक गोष्ट सांगू? आपल्या किनाऱ्यावरच्या शॅकांमध्ये सीझनला संध्याकाळी ती स्पॅनिश गिटारवाली गाणी लावतात ना, जिप्सी किंग्जची, त्या बँडच्या संस्थापकांतला चिको बुशिकी हा त्याचा सख्खा भाऊ. मी कळंगुटला ते संगीत ऐकलं की आता माझं जेवणात लक्ष राहत नाही.

दुसरी गोष्ट लंडनची, २२ जुलै २००५. दोन आठवड्यांपूर्वी तिथे बॉम्ब फुटून माणसं मेली होती, आदल्या दिवशी आणखी बॉम्ब ठेवले गेले ते नीट फुटले नाहीत, ठेवणारे पळाले. एका बॅगेत जिमचं कार्ड सापडलं, त्यावरून एका इमारतीचा पत्ता. त्या इमारतीत संशयिताचा पत्ता होता तसे इतरही लोक राहत होते, त्यात ज्यां शार्ल द मेनेझिस, वय २७, ब्राझीलचा, इलेक्ट्रिशियन. (मिक्सर दुरुस्त करणाऱ्याच्या पत्राखाली हे लिहिताना मला कसंतरीच होतंय.) तो सकाळी कामावर निघाला. बाहेर पाळतीवर जो माणूस होता तो नेमका त्या क्षणी लघवीला गेला होता, त्यामुळे चेहरा धड कुणी टिपलाच नाही. मेनेझिस बसमध्ये बसला, ब्रिक्स्टनला उतरला तर मेट्रो स्टेशन बंद, म्हणून परत त्याच बसमध्ये चढला. आपण रोज कदंबा बसच्या स्टँडवर करतो तेच. मागच्यांना वाटलं हा चकवतोय. स्टॉकवेल स्टेशनवर त्याने फुकट मिळणारा पेपर उचलला, कार्ड लावून आत गेला, गाडी लागलेली दिसली म्हणून शेवटी थोडा धावला. डब्यात बसल्यावर त्याच्या डोक्यात सात गोळ्या घातल्या.

नंतरच्या चौकशीत जे निघालं ते ऐकून झोप उडते. हाच तो असं ठामपणे कुणी सांगितलंच नव्हतं. रेडिओवर कुणी म्हणतोय असू शकेल, कुणी म्हणतोय नसेल, आणि पुढच्या पुढच्या माणसापर्यंत जाता जाता त्याची खात्री होत गेली, प्रत्येकाला वाटलं आधीच्याने बघितलंय. आपल्याकडचं ‘मला काकाने पाठवलंय, काका खोटं नाही पाठवणार’ हे त्याचंच घरगुती रूप. २००७ ला लंडनच्या पोलिस दलाला कोर्टाने दोषी धरलं ते कुठल्या कायद्याखाली, तर लोकांचं आरोग्य आणि सुरक्षितता न सांभाळल्याबद्दल, दंड एक लाख पंच्याहत्तर हजार पौंड. एकाही पोलिसावर वैयक्तिक खटला चालला नाही.

प्रश्न: मी फोंड्याचा निवृत्त शिक्षक. शेजारच्या घरात दुपारी चोरी झाली, पळणाऱ्याला मी बलकांवावरून (घरापुढच्या ओसरीवरून) पाहिलं, चारपाच सेकंद. पोलिस म्हणतात माणूस सापडलाय, ओळख परेडला या. मला भीती वाटते, चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं तर? आणि नाही ओळखलं तर पोलिस म्हणतील मास्तर घाबरला.

उत्तर: मास्तर, या महिन्यातलं सगळ्यात शहाणं पत्र तुमचं. ही भीती घेऊनच जा.

लंडनमध्ये अॅडॉल्फ बेक नावाचे एक गृहस्थ होते, मूळचे नॉर्वेचे. १८९५ च्या डिसेंबरात रस्त्यात एका बाईने त्यांना अडवलं, म्हणाली माझी घड्याळं कुठेत? स्वतःला लॉर्ड म्हणवून बायकांचे दागिने लांबवणारा एक भामटा शहरात होता, तिला वाटलं तो हाच. बेकसाहेब स्वतः रस्ता ओलांडून पोलिसाकडे गेले, या बाईविरुद्ध तक्रार करायला! पोलिसाने दोघांनाही नेलं आणि अडकले बेक. मग एकामागून एक फसवलेल्या बायका आल्या आणि हाच तो, हाच तो. हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणाला अक्षरही याचंच. १८९६ ला सात वर्षं. भामटा त्याआधी १८७७ मध्ये याच गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला होता, तेव्हा बेक दक्षिण अमेरिकेत पेरूत होते, पण ते कोर्टाने ऐकलंच नाही. पुढे जुने कागद उघडले तर कळलं की आधीच्या कैद्याची सुंता झालेली होती, बेक यांची नव्हती. तरीही सोडलं नाही, नुसता कैदी नंबर बदलला! १९०१ ला सुटले आणि १९०४ ला परत धरले, परत बायका, परत हाच तो, परत दोषी. शिक्षा सुनवायची बाकी होती तेवढ्यात खरा भामटा अंगठ्या गहाण टाकताना सापडला. दोघांना शेजारी उभं केल्यावर लोकांना प्रश्न पडला की याला त्याच्यासारखा म्हणालं कोण. बेक यांना पाच हजार पौंड मिळाले, आणि इंग्लंडला १९०७ च्या कायद्याने फौजदारी अपिलाचं कोर्ट मिळालं. त्या बायका खोटारड्या नव्हत्या हो मास्तर. त्या फसलेल्या होत्या, रागात होत्या, आणि पोलिसांनी माणूस आणलाय म्हणजे असणारच असं त्यांना वाटलं. ‘माणूस सापडलाय’ हे तुम्हाला आधीच सांगितलं ना, ते मला खटकलं ते म्हणूनच.

तर, परेड बहुतेक वेळा मामलेदार घेतात, पोलिसांनी त्या खोलीत थांबायचं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमावलीप्रमाणे एक आरोपी असेल तर त्याच्यासारखी दिसणारी निदान सहा माणसं रांगेत असायला हवीत, सारखी म्हणजे वयाने, अंगाने, नाहीतर मी एकदा अशी रांग पाहिली होती की आरोपी दाढीवाला एकटाच आणि बाकी सगळे गुळगुळीत, जणू चतुर्थीला गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीत एकच नारळ टांगलेला. त्याआधी कुणी तुम्हाला मोबाइलवर फोटो दाखवला, पेपरात छापून आला, स्टेशनवर बाकावर बसलेला दिसला, तर ते मामलेदारांना पहिल्यांदा सांगा आणि लिहून घ्यायला लावा. रांगेत तो असेलच असं धरू नका. ओळखता आलं तर कशावरून ते सांगा, चाल, खांदा, कपाळ, जे खरंच दिसलं तेवढंच. नाही आलं तर ‘मला खात्री नाही’ हे वाक्य म्हणा आणि घरी येऊन चहा घ्या. परेडमधली ओळख हा स्वतंत्र पुरावा धरत नाहीत, कोर्टात शपथेवर परत ओळखावं लागतं, तेव्हा तिथे एकदा ओढूनताणून ‘हो’ म्हटलेलं माणसाला पुढे मागे घेता येत नाही, लाज आडवी येते.

(आणि परेडच्या रांगेत उभा राहणारा कुणी आरोपी हे वाचत असेल तर: तुमचा फोटो आधीच सगळीकडे फिरला असेल तर त्या कारणाने परेडला लेखी हरकत घेता येते. नुसतं ‘येणार नाही’ म्हटलं तर मात्र ते तुमच्यावर उलटतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो, फोन १५१००.)

प्रश्न: एकाच चेहऱ्याची जगात सात माणसं असतात, हे खरं का?

उत्तर: सात कुणी मोजले देव जाणे. पण २०२२ ला बार्सिलोनातल्या शास्त्रज्ञांनी एकमेकांशी नातं नसलेल्या, दिसायला सारख्या अशा ३२ जोड्या तपासल्या, चेहरा ओळखणाऱ्या तीन कॉम्प्युटर प्रोग्रामांना दाखवल्या, त्यातल्या १६ जोड्या तिन्ही प्रोग्रामांना सारख्या वाटल्या. त्यांच्या जनुकांतही बरंच साम्य निघालं. म्हणजे अगदी कपोलकल्पित नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर मडगावच्या मासळी बाजारात एका बाईने मला दोनशे रुपये उधारीसाठी भर दुपारी धरलं होतं, इसवणाचे. मी इसवण घेतच नाही, महाग असतो. शेवटी दिले, वाद घालायला पिशवीतले बांगडे खराब होत होते. माझ्यासारखी दिसणारी कुणी वाचत असेल तर माझे दोनशे देणं आहे.

प्रश्न: आम्ही जुळ्या बहिणी. एकीने गुन्हा केला तर दुसरी अडकेल का? (सहज विचारतोय.)

उत्तर: सहज! जुळ्यांचे बोटांचे ठसे वेगवेगळे असतात, अगदी हुबेहूब जुळ्यांचेसुद्धा. डीएनए मात्र हुबेहूब जुळ्यांचा नेहमीच्या तपासणीत सारखाच येतो, आणि चेहऱ्याचं मशीन तर तुम्हाला हमखास घोटाळेल. मशीनचं सांगायचं तर तिकडे अमेरिकेत डेट्रॉइटला जानेवारी २०२० मध्ये एका माणसाला मशीनने जुळवलेल्या फोटोवरून त्याच्या घरासमोर, बायकोमुलींच्या समोर अटक झाली, आणि तो माणूस तो नव्हता. ठशांवर जास्त भरवसा ठेवायचं एक घरचं कारण पण आहे, ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली आणि ती पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोघांचा मोठा हात होता, नाव मात्र साहेबाचं लागलं. तेव्हा तुम्ही दोघी ठसे बघून वागा.

प्रश्न: मी पणजीत एका प्रसिद्ध क्रिकेटपटूसारखा दिसतो. टूरिस्ट सेल्फी काढतात, एका हॉटेलवाल्याने जेवणाचे पैसे घेतले नाहीत. यात काही बेकायदा आहे का?

उत्तर: सेल्फी काढू दे बिनधास्त. जेवणाचं, त्याने विचारलं ‘तुम्हीच ना?’ आणि तू हसून गप्प बसलास, तर ते मला आवडलं नाही, तोतयेगिरी करून फसवण्याचं न्याय संहितेतलं कलम ३१९ तिथूनच जवळ आहे. परत जा, बिल दे, फिश करीचं आणि बियरचं वेगवेगळं मांडून घे. आणि तो क्रिकेटपटू मॅच हरला की दोन दिवस टोपी घालून फीर.